जुन्या बोलेरोचं बॉनेट: दांडी ठेवू की गॅसचे शॉकअप बसवू?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

गाडी आमची २००४ ची बोलेरो. वडिलांनी घेतली, आता माझ्याकडे. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पत्र्याबद्दल आहे, पण ती रडगाणी नंतर. सध्या प्रश्न उघडलेलं बॉनेट धरून ठेवणाऱ्या दांडीचा.

या दांडीच्या बुडाशी एक रबरी बुश असतो. तो तीन वर्षांपूर्वी झिजून गेला. तेव्हापासून दांडी नुसत्या पत्र्याच्या भोकात खुळखुळतेय. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली होती, काम भागत होतं. मागच्या महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. सोबत बायको, मुलगी आणि मेहुणा. आंबा घाटात गाडी तापली. वळवाचं वारं सुटलेलं. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, दांडी लावली. मेहुणा पाण्याची बाटली बघायला वाकला. एवढ्यात समोरून वाऱ्याचा असा झोत आला की बॉनेट आधी चार बोटं *वर* उचललं गेलं, दांडीचं टोक खाचेतून निसटलं, आणि मग सगळं बॉनेट धाडकन खाली. मेहुण्याचा डावा हात सापडला. हाड वाचलं, पण दोन बोटांची नखं काळीनिळी झाली. आणि सासुरवाडीत माझं जे काय झालं ते विचारू नका.

आता घरचा आदेश आहे की "ती दांडी फेकून द्या आणि नव्या गाड्यांना असतात तसे शॉकअप बसवा." ऑनलाइन किट मागवलंय, अडीच हजार पडले. दोन शॉकअप (बॉनेट उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या नळ्या), चार पट्ट्या, काही स्क्रू. आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणतो, अर्ध्या तासाचं काम. शेजारच्या गॅरेजचा म्हातारा मिस्त्री म्हणतो, "जुन्या पत्र्याला हे लावू नको, पस्तावशील." दोघंही कारण सांगत नाहीत.

कुणी बसवलेत का? अनुभव सांगा.

---

खड्ड्यात_रस्ता

मेहुण्याला हेल्मेट घ्या. शॉकअपपेक्षा स्वस्त.

---

डिझेलवाला_दाद्या

बिनधास्त बसवा. माझी २०११ ची बोलेरो, शॉकअप लावून सव्वा वर्ष झालं. एका हाताने उघडतं, दुसऱ्या हातात ऑइलचा कॅन. दांडी शोधा, हुकातून काढा, खाच शोधा, ही भानगडच नाही. दांडी म्हणजे बैलगाडीच्या जमान्यातली गोष्ट. सगळ्या महाग गाड्यांना शॉकअपच असतात, त्या कंपन्या काय वेड्या आहेत?

---

सुमो_९९

दादा, कंपन्या वेड्या नाहीत. त्या गाड्यांचं बॉनेट, बिजागरी आणि आतला सांगाडा शॉकअप धरूनच बनवलेला असतो. आपल्या गाड्यांचा दांडी धरून बनवलाय. सगळा फरक तिथेच आहे. तो मला आठ महिन्यांत आणि साडेचार हजार रुपयांत कळला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी १९९९ ची सुमो. किट तुमच्यासारखंच, फक्त वेगळ्या मापाचं. मिस्त्रीने खालची पट्टी फेंडरच्या आतल्या पत्र्याला मारली, वरची बॉनेटच्या आतल्या फ्रेमला. नट-बोल्ट नाही, आटे पाडत जाणारे ते पत्र्याचे स्क्रू. पहिला महिना मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवत होतो. चहा पाजून दाखवत होतो!

पावसाळ्यात लक्षात आलं की ड्रायव्हरच्या बाजूने, काचेजवळच्या कोपऱ्यात बॉनेट थोडं उचलल्यासारखं दिसतंय. आधी वाटलं मनाचे खेळ. मग मोजलं. डाव्या बाजूला फट ४ मिलिमीटर, उजव्या बाजूला ७. दिवाळीत ती ११ झाली. बॉनेट उघडून आत टॉर्च मारला तर फ्रेमचे दोन स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) सुटलेले. वरचा पत्रा आणि आतली फ्रेम यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी जागा. बिजागरीच्या पिनचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं.

का झालं? डेंटरने समजावलं ते असं. बॉनेट पुढे कुलपात अडकलंय, मागे बिजागरीत. मध्ये कुठेतरी शॉकअप सतत वर आणि मागे-पुढे रेटतोय. तुम्ही बॉनेट उघडता महिन्यातून दोनदा, पण तो रेटा चोवीस तास चालू. दांडीचं तसं नाही. काम झालं की ती आडवी पडून झोपते, कुणाला त्रास नाही.

शॉकअप काढले, वेल्डिंग, पेंट, बिजागऱ्यांना नवीन पिना. आता पुन्हा दांडी. आणि हो, पट्टीचे स्क्रू जिथे होते तिथून गंज सुरू झाला तो वेगळाच.

---

डिझेलवाला_दाद्या

तुमच्या मिस्त्रीने स्क्रू मारले हा त्याचा दोष. माझ्याकडे नट-बोल्ट आहेत, मागे वॉशर पट्टी आहे. सव्वा वर्षात काही नाही.

---

सुमो_९९

फट मोजलीत का? नुसतं डोळ्यांनी नाही, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नाहीतर ड्रिलच्या बिटाने.

---

डिझेलवाला_दाद्या

रविवारी मोजतो. पण सांगून ठेवतो, काही निघणार नाही.

---

टूलरूम_काका

चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. या धाग्यावर दोन्ही बाजू बरोबर आहेत पण आकडा कुणीच देत नाहीये, म्हणून लिहायला बसलो. पंचगंगाकाठ, खालची तीन मापं घ्या आणि इथे टाका:

१. शॉकअपच्या नळीवर छापलेला आकडा. ३०० एन, ३५० एन असं काहीतरी असेल. एन म्हणजे न्यूटन. दहाने भागलं की अंदाजे किलो.

२. बॉनेटचं वजन उतरवून काढायची गरज नाही. घरातला वजनकाटा पुढच्या टोकाखाली लाकडी ठोकळ्यावर ठेवा. कुलूप सोडून बॉनेट जवळपास बंद अवस्थेत त्यावर टेकवा, आकडा वाचा. बिजागरीपासून त्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा.

३. शॉकअप अजून बसवायचे नाहीत. पट्ट्या चिकटपट्टीने नुसत्या चिकटवा, शॉकअपच्या जागी सुतळी ताणा. बॉनेट पूर्ण उघडं असताना बिजागरीच्या पिनपासून त्या सुतळीपर्यंतचं काटकोनातलं अंतर घ्या. मग बॉनेट बंदच्या जवळ आणून तेच अंतर पुन्हा. गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) घ्या, नजरेने नको.

तोवर शॉकअपच्या आत काय असतं ते सांगतो, कारण बरेच जण त्याला "हायड्रॉलिक" म्हणतात. मुख्य काम तेलाचं नसतंच. बंद नळी, आत दाबाने भरलेला नायट्रोजन आणि चमचाभर-दोन चमचे तेल. पिस्टनला बारीक भोक असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दाब सारखाच. मग बाहेर ढकलतं कोण? पिस्टनच्या एका बाजूला दांडा जोडलाय, त्यामुळे तिथे वायूला रेटायला दांड्याच्या जाडीएवढी जागा कमी पडते. तेवढ्याच क्षेत्रफळावरचा दाब म्हणजे शॉकअपचा जोर. दांडा ८ मिलिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ झालं ५० चौरस मिलिमीटर. त्यावर ३५० न्यूटन मिळवायचे तर आत ७० बार दाब हवा. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो. म्हणजे टायरच्या तीसपट.

म्हणून हात जोडून विनंती: मेलेला शॉकअप कापू नका, शेगडीत टाकू नका, त्याला वेल्डिंग लावू नका. "गॅस गेलाय" असं वाटतं तेव्हाही आत भरपूर शिल्लक असतो.

---

विदर्भाचा_वाघ्या

काका, एक विचारू का? आमच्या नागपुरात मे महिन्यात हे फुटत तर नाही ना? आमच्याकडे तर बाप्पा बॉनेटवर पापड भाजते.

---

टूलरूम_काका

फुटत नाही, पण जोर वाढतो. छापलेला आकडा २० अंशांचा असतो. वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. तुमच्याकडे थंडीतल्या पहाटे १२ अंश आणि मेमध्ये ४२, एवढ्या फरकाने जोरात दहा टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे जानेवारीत सकाळी डिकी अर्ध्यात लटकते आणि दुपारी तीच टुणकन वर जाते. त्यात बॉनेटखाली इंजिनाची धग आणखी.

---

मोबाइल_खानावळ

बॉनेटचं नाही, डिकीचं सांगते. चालेल ना?

माझी ओम्नी आहे, हडपसरला दुपारचे डबे पोचवते. मागचं दार वर उघडतं, त्याला दोन शॉकअप. दिवसातून साठ-सत्तर वेळा उघड-बंद. दीड वर्षात एक मेला. गॅरेजवाला म्हणाला एकच बदला, पैसे वाचतील. वाचवले! नवा एका बाजूने जोर लावतोय, जुना दुसऱ्या बाजूला नुसता लोंबकळतोय. दार तिरकं बसायला लागलं आणि पावसात एका कोपऱ्यातून पाणी. भाजीच्या डब्यात पाणी गेलं की गिऱ्हाईक काय बोलतं ते इथे लिहिता येणार नाही. जोडीच बदलायची, हे तेव्हा शिकले.

आणि ते पूर्ण मेले तेव्हा मी तीन आठवडे झाडूच्या दांड्यावर धंदा केलाय. त्या दांड्याने कधी दगा दिला नाही. शॉकअप मरताना सांगून मरत नाही हो. सकाळी बरा असतो, संध्याकाळी डोक्यावर दार. दांडीचं बरं असतं, ती आहे की नाही ते दिसतं तरी.

---

सुमो_९९

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून गॅरेजमध्ये लावण्यासारखं आहे.

---

टूलरूम_काका

ताई, उलट बसवले नव्हते ना? दार बंद असताना जाड नळी वर आणि चकचकीत दांडा खाली हवा. आतलं तेल मग खालच्या सीलवर (दांडा बाहेर येतो तिथली वायू अडवणारी रबरी कडी) राहतं, सील ओलं राहतं, आणि शेवटच्या दोन इंचांत दार हळू होतं. उलटे बसवले तर सील कोरडं पडतं आणि वायू लवकर निसटतो. निम्मे गॅरेजवाले हे बघतच नाहीत.

---

मोबाइल_खानावळ

आत्ता खाली जाऊन बघून आले. उलटेच आहेत 🙄

---

जीपखोर

मजा येतेय वाचायला. आमच्या सीजे-३बी ला ना दांडी ना शॉकअप. दोन बाजूंचे चाप सोडायचे, बॉनेट उचलायचं आणि पार मागे काचेच्या फ्रेमवर टेकवायचं. बस. वजन बिजागरीच्या पलीकडे गेलं की वारा आला काय, मेहुणा आला काय. महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली तेव्हापासून ही घराण्याची रीत. फक्त टेकवायच्या जागी रबर किंवा लाकडी ठोकळा हवा, नाहीतर रंग जातो. आणि मागच्या बाजूने जोराचा वारा आला तर बॉनेट पट्ट्याने बांधून ठेवायचं. मी बैलाच्या म्होरकीचा जुना पट्टा वापरतो.

---

पिलबरा_पाटील

पश्चिम ऑस्ट्रेलियातून नमस्कार. मूळ गाव तासगाव. इथे खाणीवर माझ्या ताब्यात लँड क्रूझर ७९ आहे, मागे ट्रे वाली. एवढी महाग गाडी, पण बॉनेटला कंपनीकडून साधी दांडीच येते, हे सांगितलं तर दाद्यांना झोप लागणार नाही.

इथे बरेच जण शॉकअपचं किट लावतात. त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, मूळच्या बोल्टवर बसणारं, नवं भोक पाडायचं नाही असं. ते चांगलं चालतं. पण माझा एक सहकारी ट्रेवरच्या पेटीच्या दारांना सगळीकडे शॉकअप लावून बसला. इथली लाल धूळ म्हणजे पिठासारखी. ती दांड्याला चिकटते, दांडा आत जाताना सीलला घासून जाते. दांड्यावर एक बारीक ओरखडा पडला की संपलं, वायू तिथूनच वाट काढतो. मी आठवड्याला कोरड्या मऊ कापडाने दांडे पुसतो. ग्रीस लावू नका कुणी, धूळ अजून चिकटते.

आमच्याकडे नियम असा की शॉकअपच्या भरवशावर कुणी डोकं खाली घालायचं नाही. बॉनेट उघडलं की दांड्यावर चिरलेला पाइपचा तुकडा चढवायचा. अर्ध्या इंचाचा प्लॅस्टिकचा पाइप, उघड्या दांड्याच्या लांबीएवढा कापा, उभा एक काप द्या, खटकन बसतो. मग शॉकअप मेला तरी नळी खाली येऊच शकत नाही.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे धुळीपेक्षा खारं वारं. मासळीच्या गाडीला तर विचारूच नका, बर्फाचं खारट पाणी गळतं. क्वालिसच्या डिकीचे शॉकअप दर दोन पावसाळ्यांनी बदलतो. दांड्यावर गंजाचा एक ठिपका दिसला की समजायचं, आता मोजून दिवस राहिले.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

काका, मापं घेतली. मुलीने वही धरली, मेहुणा सुतळी धरायला आला होता (लांबूनच धरली).

शॉकअपवर आकडा ३५० एन. दांडा ८ मिमी.
वजनकाट्यावर ९.५ किलो. बिजागरीपासून १०५ सेंटिमीटर.
पूर्ण उघडं: बॉनेट साधारण ५० अंशांवर, सुतळी बिजागरीपासून १४ सेंटिमीटर.
बंद: सुतळी ३ सेंटिमीटर.

---

टूलरूम_काका

शाब्बास. आता हिशेब.

बॉनेटचा खाली पडायचा पीळ (बिजागरीभोवती फिरवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर): साडेनऊ किलो म्हणजे ९३ न्यूटन, गुणिले १.०५ मीटर. ९८ न्यूटन-मीटर. हा बंद अवस्थेत. उघडल्यावर वजन बिजागरीच्या जवळ सरकतं. ५० अंशांवर हा पीळ ६३ राहतो.

तुमचे दोन शॉकअप उघड्या अवस्थेत देतात: ३५० गुणिले २ गुणिले ०.१४, म्हणजे ९८. गरज ६३ ची, मिळतात ९८. दीडपटीहून जास्त! किट विकणाऱ्याने तीन-चार गाड्यांना एकच शॉकअप खपवलाय. वाऱ्यासाठी, थंडीसाठी आणि म्हातारपणासाठी वीस टक्के जास्तीचे धरले तरी तुम्हाला २७०-२८० एन पुरतात.

"जास्त असलेलं बरं" असं कुणी म्हणेल. नाही. बंद अवस्थेत बघा. दांडा आत दाबला गेल्यावर जोर साधारण तीस टक्क्यांनी वाढतो. ३५० चे झाले ४५५. दोन्ही मिळून ९१० न्यूटन, म्हणजे ९३ किलो. आणि सुतळी बिजागरीपासून फक्त ३ सेंटिमीटरवर, म्हणजे हा रेटा बॉनेट फारसा उचलत नाही (त्याचा पीळ जेमतेम २७, वजनाचा ९८). तो जातो कुठे? सरळ बिजागरीच्या पिनांत आणि पट्टीच्या स्क्रूंत. ९३ किलोचा गडी रात्रंदिवस तुमच्या वीस वर्षांच्या बिजागरीला खांदा लावून उभा आहे असं समजा. सुमो_९९ यांच्या फटीचं गणित हेच.

२८० चे घेतले तरी ७४ किलो होतात. कमी, पण नगण्य नाही.

तेव्हा आधी हे बघा: बॉनेट बंद करून काचेजवळचा कोपरा दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली, मागे-पुढे हलवा. बिजागरीत खेळ (सैलपणा) जाणवला तर शॉकअपचा विषय तिथेच संपला.

---

डिझेलवाला_दाद्या

रविवारी मोजली. डावी ५, उजवी ५.

बघा. काही नाही. बोललो होतो.

(पण माझे शॉकअप २५० एन चे निघाले. आणि ड्रायव्हरच्या बाजूचा वरचा एक बोल्ट सैल होता. घट्ट केला.)

---

सुमो_९९

दाद्या, प्रामाणिकपणाबद्दल माझ्याकडून एक मिसळ.

---

खड्ड्यात_रस्ता

फीलर गेज कुठून आणलं दाद्यांनी? 😄

---

डिझेलवाला_दाद्या

५ चं ड्रिल बिट. सुमोवाल्यांनीच सांगितलेलं.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

काका, खेळ आहे. उजव्या बिजागरीत चांगलाच. मला वाटायचं बॉनेटचा तो खडखडाट दांडीचाच आहे. दांडी काढून गाडी चालवून बघितली, तरी खडखडाट आहेच.

म्हणजे शॉकअप बाद? बायकोला काय सांगू? अडीच हजार गेले, आणि परत घेण्याची मुदतही गेली.

---

उद्यमनगरचा_पाव्हणा

पाव्हणं, तुम्ही कोल्हापुरात राहून ऑनलाइन किट मागवता म्हणजे हद्द झाली. या उद्यमनगरला. मी स्वतः शेडमध्ये असतो, चहा माझ्याकडं.

दांडीत मूळची खोट काय, ती धरा. बॉनेटच्या खाचेत दांडीचं टोक नुसत्या वजनानं बसतं. बॉनेट जरा वर उचललं की दांडी मोकळी. तुमच्या घाटात तेच झालं. त्यात बुश नाही, म्हणून दांडी बुडाशी पण डुलत होती, आणि खाच झिजून मोठी झालेली असणार. तीन गोष्टी करायच्या.

बुडाशी नवा रबरी बुश. कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतो, नाही मिळाला तर माप घेऊन या, नायलॉनचा लेथवर काढून देतो. तो रबरापेक्षा टिकतो.

दांडी ८ मिमी ब्राइट बारची (गुळगुळीत पोलादी सळईची) नवी वाकवायची. टोक जुन्यापेक्षा दीड इंच लांब ठेवायचं, म्हणजे खाचेतून पलीकडे निघेल. पलीकडे निघालेल्या टोकाला आडवं भोक पाडायचं आणि त्यात चापाची पिन. ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या मागं अवजार अडकवायला असते बघा, कडीची, एका बोटानं लागते, तसली. साखळीनं दांडीलाच बांधून टाकायची, हरवायला नको. मग वारं बॉनेट उचलू दे नाहीतर मेहुणा उचलू दे, दांडी निसटायची नाही.

झिजलेल्या खाचेवर ३ मिमीची छोटी पट्टी, नव्या गोल भोकाची. पण वेल्डिंग नको, आतल्या बाजूनं दोन रिव्हेट. वेल्डिंगनं वरचा रंग जळतो.

आणि बिजागरीच्या पिना त्याच बैठकीत बदलून घ्या. तो खरा आजार.

---

जीपखोर

हे आवडलं. शिवाय गाडी उभी करताना वारं मागून येईल असं नाक ठेवा. वारं समोरून आलं की बॉनेटचं शीड होतं. मागून आलं तर तेच वारं बॉनेट दाबून धरतं. घाटात नेहमी जमत नाही, पण जमेल तेव्हा.

---

टूलरूम_काका

पिनेची कल्पना उत्तम. फक्त दांडी जास्त जाड करायच्या मोहात पडू नका. ८ मिमी पुरते. १२ ची केली तर तीच पुढच्या क्लिपमधून सुटून बॅटरीच्या टोकांवर पडायची भीती जास्त. क्लिप पण बघून घ्या. बॅटरीच्या अधिक टोकावर रबरी टोपी आहे ना?

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

टोपी नव्हती. आज बसवली. काका, तुम्ही घरी येऊन गाडी बघून गेलात की काय?

---

मोबाइल_खानावळ

माझ्याकडून अपडेट: शॉकअप सरळ करून बसवले, नवी जोडी. पाइपचा तुकडाही कापून ठेवलाय पाटीलभाऊ. डबेवाली पोरं त्याला "ताईंची बासरी" म्हणतात.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

धागा वर काढतोय, चार महिने झाले. पावसाळा काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

उद्यमनगरला पाव्हण्यांकडे अख्खी सकाळ गेली. चहा तीन वेळा. दांडी, नायलॉनचा बुश, पट्टी, पिन मिळून त्यांनी १८० रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून. बिजागऱ्यांच्या पिना आणि मजुरी ६५० वेगळे. जुन्या पिना काढल्या तेव्हा उजवीची पिन मध्ये कमरेसारखी बारीक झालेली. पाव्हण्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "यावर तुम्ही ९३ किलो ठेवणार होता." खडखडाट पूर्ण गेला. इतकी वर्षं बिचाऱ्या दांडीला शिव्या घातल्या.

ऑगस्टमध्ये मुद्दाम गगनबावड्याला जाऊन वाऱ्यात बॉनेट उघडून उभा राहिलो. बॉनेट थरथरलं, दांडी पिनेवर कटकट वाजली, पण जागची हलली नाही. पिन लावायला विसरू नये म्हणून मुलीने साखळीला लाल लोकर बांधलीय.

आता त्या ३५० एन च्या शॉकअपचं काय केलं, ते. बायकोने सांगितलं, अडीच हजार वाया घालवायचे नाहीत. आमच्या बॉक्सच्या पलंगाची फळी उचलताना तिची कंबर धरते. सुताराला बोलावून तिथे बसवले. काका, तुमच्या पद्धतीने सुतळी लावून मोजलं बरं का, गादीच्या वजनासकट. उत्तम चालतात, गादीसकट फळी एका हाताने वर जाते. मोजताना एकच चूक झाली. गादी उन्हात टाकायला काढली की नुसती फळी खाली राहतच नाही, आपोआप उघडते. दिवाळीच्या साफसफाईत दिवसभर ती तशीच आ वासून उभी होती.

शेवटी मेहुणा आला होता, त्याला वर बसवलं. नखं नवी आलीत त्याची.